चाळीस नंबरचं शेणखत

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शिरढोणजवळच्या माळावर आमच्या वनसंशोधन केंद्रानं पाइनची झाडं लावली. मी तिथला मोजणीदार. उंची, बुंध्याचा घेर, खोड सरळ की वाकडं, एवढं वहीत लिहायचं. वेगवेगळ्या आईझाडांचं बी आणलेलं होतं. कोणत्या आईची पोरं इथल्या हवेत उंच होतात, कोणाचं लाकूड घट्ट भरतं, ते बघायचं होतं. त्यासाठी सगळ्यांना वागणूक मात्र सारखी हवी. खड्ड्याला शेणखताचं एकच घमेलं. साहेबांनी हे इतक्यांदा बजावलं होतं की रोपं लावणाऱ्या बायका त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणायच्या, "एक म्हणजे एक!"

शेवटच्या दिवशी चार घमेली खत उरलं. ते खाली शेडपर्यंत परत न्यायचं म्हणजे चार खेपा, आणि मला घरी जायची घाई. साहेब जीपकडे वळलेले बघून मी सगळं खत ओळीतल्या शेवटच्या, चाळीस नंबरच्या खड्ड्यात ओतलं. बघणारा एकच, कोन गावचा आमचा राखणदार.

"ह्यो कुनाचा जावई?" त्यानं विचारलं.

"गप रे, माती ओढ."

जावई फोफावला. चार-पाच वर्षांत बाकीची झाडं त्याच्यापुढे पोरसवदा दिसायला लागली. साहेब त्याच्याखाली उभे राहून टोपी पडेपर्यंत वर बघायचे. "रक्तातच असतं हे!" म्हणायचे.

"रगतात नाय सायेब, प्वाटात हाय," राखणदार म्हणाला. मी इतक्या जोरात खोकलो की साहेबांनी मला पाणी दिलं.

पण साहेब काही भोळे नव्हते. चाळीसची सख्खी भावंडं दुसऱ्या ओळींत बेताचीच होती, ते त्यांना खटकलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "लावणीला तुम्ही होतात. या झाडाला काही वेगळं मिळालं होतं का?"

"नाही साहेब. सगळ्यांना एकेक."

माझ्या शब्दावर त्यांनी निवड केली. खरं तर सतरा नंबर तोडीस तोड होतं. उंचीला कमी, पण खोड ओळंब्यात, आणि गिरमिटानं काढलेली लाकडाची कांडी हाताला जड लागायची. कलमं मात्र चाळीसची बांधली गेली. काही वर्षांनी दाटी कमी करायला विरळणी झाली, तीत सतरा तुटलं. राखणदारानं ते मागून घेतलं आणि घराचं आढं केलं.

कलमं खताच्या एकेका घमेल्यावर वाढवली, म्हणजे वाढलीच नाहीत. वार्षिक बैठकीत कुणीतरी विचारलं, "साहेब, ही पाइनची की तुळशीची?" सगळे हसले. मीही हसलो, ते आजही आठवतं. साहेब खाली मान घालून कागद सारखे करत राहिले. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या नजरेनं एकही झाड निवडलं नाही. निवडीची वेळ आली की म्हणायचे, "मला त्यातलं कळत नाही."

आता आम्ही दोघंही निवृत्त. खांदा कॉलनीत संध्याकाळी एकाच बाकावर बसतो. गेल्या आठवड्यात ते पुन्हा म्हणाले, "त्या चाळीस नंबरनं मला फसवलं हो."

"त्यानं नाही," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. खत, खोकला, आढंसुद्धा.

मला वाटलं, साहेब उठून जातील. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि दुधाच्या बिलाची पाठ मांडीवर ठेवली.

"घमेली किती होती?"

"चार."

"त्याचं एक धरून?"

"नाही. त्याचं वेगळं."

"म्हणजे पाच." त्यांनी लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि ते आढं? वाकलंय?"

"बोटभरही नाही."

"मग उद्या सकाळी कोनला जाऊ," साहेब म्हणाले. "मोजायची फीत तुमच्याकडे असेलच."