हृदयातल्या शाखांचं विलीनीकरण

माझे यजमान बँकेतले अधिकारी. नोकरीत मोठी रजा त्यांनी एकदाच घेतली, तीही हृदयाने सक्ती केली म्हणून. साध्या तापाचं निमित्त झालं आणि जाताना तो ताप हृदयाच्या स्नायूला सूज देऊन गेला. कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या आमच्या घरात मग सोफा हीच त्यांची केबिन झाली. तिथून ते माझ्या फोडणीवर देखरेख करायचे.

डॉक्टरांनी आधी पूर्ण विश्रांती आणि नंतर रोज थोडं, अगदी हळू चालणं सांगितलं होतं. यांना दोन्ही गोष्टी अपमानाच्या वाटल्या. विश्रांती म्हणजे आळस आणि हळू चालणं म्हणजे माझ्यासारखं चालणं. लग्न झाल्यापासून रस्त्यावर हे कायम माझ्या पुढे. बाहेर पडलं की मला यांची फक्त पाठ दिसायची.

आमची लेक इथल्याच एका प्रयोगशाळेत मायटोकॉन्ड्रियावर काम करते. पेशीच्या आत असलेल्या या बारीक भट्ट्या अन्नातून ऊर्जा तयार करतात आणि हृदयाच्या पेशीत त्या खच्चून भरलेल्या असतात. लेक कोलकात्यात वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी जपूनच बाहेर येतं. पण त्या दिवशी सोफ्यासमोर बसून तिने नीट सांगितलं.

"बाबा, ऊर्जा कमी पडली ना, की पेशी आधी खर्च कमी करते. जरुरीचं तेवढंच चालू ठेवते. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाला तेव्हा जबरदस्ती केली तर ऊर्जा कमी आणि नुकसान जास्त."

"मग बिघडलेल्यांचं काय करतात?"

"थोडा बिघाड असेल तर ते चांगल्याला जोडले जातात. दोघं एक होतात, सामान वाटून घेतात, काम चालतं. फारच बिघडलं असेल तर पेशी त्याला तोडते आणि मोडीत काढते. तुम्ही हळूहळू चाललात की नवीनपण तयार होतात."

"विलीनीकरण," हे म्हणाले.

यांची बँक मोठ्या बँकेत विलीन झाली होती. जुनी पाटी उतरली त्या दिवशी हे जेवले नव्हते. त्यामुळे हा विषय यांना लेकीपेक्षाही जास्त समजला, असं यांचं मत. शेजारच्या बंगाली दादांना यांनी तो हिंदीतून इतक्यांदा समजावला, की दादा बिचारे आमच्याकडचं वर्तमानपत्र न्यायलाही दबकत येऊ लागले.

एका संध्याकाळी लेक कामावर असताना हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मी कुठल्यातला गं? जोडून घेण्यातला, की मोडीत काढण्यातला?"

मी तव्याखालचा गॅस बंद केला. हा माणूस उद्या सोफ्यावर नसेल, या विचाराने मला खरंच भीती वाटली.

"चपला घाला," मी म्हणाले.

ब्लॉकच्या पार्कात शिरताच हे सवयीने पुढे निघाले आणि थोड्याच वेळात कठडा धरून धापा टाकत थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी यांना गाठलं. मी हात पुढे केला. बँकेतलं कुणी बघत नाही ना, याची खात्री करून यांनी तो धरला. बाकावर बसलेल्या दादांनी तेवढ्यात आभाळाकडे पाहिलं. मग आम्ही माझ्या चालीने चालू लागलो.

"पण विलीनीकरणात नाव मोठ्या बँकेचंच राहतं," हे पुटपुटले.

"लग्नात माझं गेलंच की, नावासकट आडनाव. आता तुमची पाळी."

हे हसले. हसताना दम लागला म्हणून थांबले, मीही थांबले. श्वास जागेवर आल्यावर यांनी मला हळूच माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "चल."