ज्याचं वावर, त्याला विचारून

वानखेडे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझा भोंगा बंद पडला त्या दिवशी. मी मूळचा राळेगावकडचा. एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक सायकल एवढ्यावर फुलसावंगीत येऊन मंडप-माईकचा धंदा मांडला होता. शाळेचं स्नेहसंमेलन हे इथलं माझं पहिलं मोठं काम. मुलांची नाच-गाणी निभावली. मग इतिहासाचे शिक्षक नारायणराव वानखेडे बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच यंत्रानं मान टाकली. मी घामाघूम. मागून कोणीतरी म्हणालं, "पाहुण्याचा भोंगा उपाशी दिसते रे." सारं मैदान हसलं.

सर हसले नाहीत. त्यांनी माईक माझ्या हातात दिला, मंचावरून खाली उतरले आणि म्हणाले, "सगळे जवळ या. ही गोष्ट तशीही ओरडून सांगायची नाही." शिपायाकडून पांढऱ्या फक्कीचा डबा मागवला आणि कबड्डीचं मैदान आखतात तसा जमिनीवर एक नकाशा आखला. पुढच्या वर्षी संमेलनाचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं असं काहींचं म्हणणं होतं. सरांनी मलाच बोलावलं. नवख्या माणसाचा आवाज एकदा बंद पडला की गाव त्याला दुसऱ्यांदा बोलावत नाही, हे धंद्यातल्या कोणालाही विचारा. मला बोलावणारे सर होते, म्हणून मी या गावात टिकलो. आज त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकात लिहिताना आधी हे सांगणं भाग आहे.

त्या नकाशाची गोष्ट सर दरवर्षी सांगत आले, निवृत्तीनंतरही. मी ती माईकच्या मागं बसून इतक्यांदा ऐकली आहे, की कुठं त्यांचा आवाज उतरतो आणि कुठं मला बटण फिरवावं लागतं हे हाताला पाठ आहे. तरी अंगावर काटा येतो तो येतोच. पहिल्या महायुद्धातल्या बेल्जियमची ती गोष्ट. सर ती आपल्या भाषेत सांगायचे. दोन मोठ्या शेतकऱ्यांच्या मध्ये एक लहानसं वावर. सगळ्या मोठ्यांनी मिळून लिहून दिलेलं, की या वावरवाल्याला कोणी आपल्या भांडणात ओढायचं नाही आणि यानंही कोणाची बाजू घ्यायची नाही. बरीच वर्षं ते पाळलंही गेलं. मग एका शेजाऱ्याला दुसऱ्यावर चालून जायचं होतं आणि जवळची वाट मधल्या वावरातून होती. निरोप आला: आम्हाला फक्त जाऊ द्या, नुकसान झालं तर भरून देऊ, सकाळपर्यंत कळवा.

इथं सर थांबायचे. आपल्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बैलगाडी जाऊ द्यायची की नाही यावरून भाऊ भावाशी बोलत नाही. त्यामुळे समोर बसलेल्या प्रत्येकाला ती रात्र कशी गेली असेल ते कळायचं. वाट दिली तर घर शाबूत, पण मग आपण कोणाच्याच बाजूचे नाही हे कोणत्या तोंडानं म्हणणार? त्या देशानं वाट दिली नाही. शेजारी घुसला. किल्ले पडले, राजधानी गेली, सैन्य मागं मागं सरकत समुद्राच्या काठापर्यंत आलं. हातात उरला जमिनीचा एक तुकडा, एक लहान नदी आणि रेल्वेचा उंच भराव. ती जमीन भरतीच्या पाण्याहून खाली, समुद्राला दारं लावून अडवलेली. तेव्हा त्यांनी ठरवलं, दारं उघडायची. भरतीला उघडायची, ओहोटीला लावायची. पहिल्यांदा जमलं नाही. पुन्हा उघडली. पाणी हळूहळू शेतांत पसरलं आणि चालून आलेली फौज त्या पाण्यापुढं थांबली. तो उरलेला तुकडा त्यांनी युद्ध संपेपर्यंत सोडला नाही.

"स्वतःची शेतं स्वतःच बुडवली," सर म्हणायचे, आणि फक्कीचा डबा खाली ठेवायचे.

एका वर्षी गोष्ट इथं आली आणि मागून हात वर झाला. गुलाब राठोड. नाल्याच्या काठी त्यांचं वावर, सरांच्या वावराला लागूनच. मी माईक नेऊन दिला. गुलाबभाऊ म्हणाले, "सर, एक इचारतो. ज्याचं वावर बुडलं, त्याले कोनी इचारलं होतं का?"

पोरं हसली. सर म्हणाले, "मला माहीत नाही, गुलाबराव. मी शोधतो."

पुढच्या वर्षी गुलाबभाऊंनी पुन्हा विचारलं. सर म्हणाले, राजाचं नाव सापडलं, सेनापतींची सापडली, दारं उघडणाऱ्यांचीसुद्धा सापडली, वावरवाल्याला विचारल्याचं कुठं सापडत नाही. हे मग दरवर्षीचंच झालं. काही लोक तर या दोघांसाठीच यायचे. मला मात्र माईकमागून दिसायचं, की तो प्रश्न सरांना दरवर्षी नव्यानं लागतो. मंचावर कितीही भारदस्त दिसोत, ते खाली उतरताना आधी गुलाबभाऊंकडे पाहायचे.

आता नाल्याविषयी सांगायला हवं. नाल्याच्या एका अंगाला खालची वस्ती, मजुरी करणाऱ्यांची, मातीच्या भिंतींची घरं. दुसऱ्या अंगाला वावरं, आणि वावरांना नाल्याच्या बाजूनं उंच धुरा घातलेला. मोठा पूर आला की धुऱ्यामुळे पाणी वावरात जायचं नाही आणि वस्तीकडे चढायचं. वस्तीवाले म्हणत धुरा कमी करा. वावरवाल्यांनी आपसात ठरवलं होतं, की धुऱ्याला कोणी हात लावायचा नाही, पाण्याला एकदा वाट दिली की ते दरवर्षी तिथूनच येईल. दोन्हीकडच्यांनी सरांना आपल्या बैठकीत ओढायचा प्रयत्न केला. सर जात नसत. "दोन्हीकडची पोरं माझ्याच वर्गात शिकली," म्हणत. निवडणुकीतही तसंच. दोन्ही पॅनलचा माईक माझाच असायचा, दोन्ही मंचांवर सरांसाठी खुर्ची असायची आणि सर एसटी स्टँडवर चहा पीत बसलेले असायचे. त्यावरून टोमणे खात. खालच्या वस्तीतल्या एकानं तोंडावर म्हटलेलं मी ऐकलं आहे, "सर, तुमी बेल्जमाचं सांगता, पन वावर तं तुमचं बी धुऱ्याआडच आहे."



मग ते साल आलं. सोयाबीन पिवळी पडत होती, शेंगा भरलेल्या, कापणी तोंडावर. पाऊस लागून राहिला आणि नाल्याच्या पुलात झाडं-झुडपं अडकून पाणी मागं फुगलं. सकाळीच ग्रामपंचायतीनं मला बोलावलं, की बॅटरीवरचा भोंगा रिक्षाला बांध आणि वस्तीत फिरून लोकांना शाळेत जायला सांग. मी सांगत फिरलो. पाणी अंगणांत आलं होतं. लोक गाठोडी घेऊन निघत होते आणि मागं वळून भिंतींकडे पाहत होते. माणसं हलवता येतात, मातीची भिंत हलवता येत नाही.

धुऱ्यावर गेलो तर वस्तीतली पोरं कुदळी-फावडी घेऊन उभी आणि समोर वावरवाले. कोणी कोणाला हात लावला नव्हता, पण लागायला वेळही नव्हता. तेवढ्यात सर आले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. सरांनी गुलाबभाऊंना विचारलं, "कुठं फोडलं तर पाणी फक्त माझ्या वावरात जाईल? तुमच्यात नाही, आणखी कोणाच्यात नाही."

गुलाबभाऊंनी उताराकडे पाहिलं आणि पाय आपटून जागा दाखवली. "इथं. पन सर, तुमचं काई राहनार नाही."

एका पोरानं कुदळ उचलली. सर म्हणाले, "थांबा."

"सर, पानी चढून राह्यलं."

"दिसतंय मला. वावर माझं नाही. तुमच्या काकूंच्या नावावर आहे. विचारून येतो."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकानं कपाळावर हात मारला. "काकू का नाही म्हननार आहे सर?" तो म्हणाला. सर तोवर चालायलाही लागले होते. चिखलातून, त्या वयात. गुलाबभाऊंनी मात्र आपली कुदळ आडवी ठेवली, फोडायच्या जागेवर तिच्यावरच बसले आणि म्हणाले, "ते येईपर्यंत कोनी हात लावू नका." त्यांना समजलं होतं. मला जरा उशिरा समजलं. मी सरांना रिक्षात घेतलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओसरीवर शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. ते वावर त्यांना वडिलांकडून आलेलं. सर पायरीखालीच उभे राहिले. म्हणाले, "वावर बुडवायचं आहे. धुरा फोडला तर वस्ती वाचेल. पीक जाईल. गाळ बसेल, पुढच्या वर्षीही काही पिकेल की नाही सांगता येत नाही."

काकूंचा हात थांबला. "सांगाले आले का इचाराले?"

"विचारायला."

"अन् मी नाही म्हनलं तं?"

मी सरांकडे पाहिलं. पूर चढत होता, पोरं थांबलेली होती, आणि हा माणूस खरोखर उत्तर शोधत होता. म्हणाले, "तर धुरा राहील. वस्तीतल्या माणसांना आम्ही बाहेर काढतो आहोतच. भिंती जातील."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "अन् हा कायले आला? गावभर भोंग्यावर सांगाले?"

"नाही काकू, रिक्षा माझी आहे," मी म्हणालो.

"माह्या बापानं निंब लावला आहे तिथं. तो जाईन का?"

"तो उभा राहील," सर म्हणाले.

काकू उठल्या, सुपातले शेंगदाणे डब्यात ओतले, झाकण लावलं. "मंग फोडा. पन पयली कुदळ माही."

तशीच झाली. गुलाबभाऊ उठले, कुदळ काकूंच्या हातात दिली आणि बाजूला सरकले. काकूंचा घाव काही फार खोल नव्हता. पण त्यानंतर ज्या कुदळी पडल्या त्यांत वस्तीतल्या होत्या आणि वावरवाल्यांच्याही होत्या. पाणी आत शिरलं. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. सोयाबीन नुसती एका दिशेला झुकली, मग दिसेनाशी झाली, आणि त्या सगळ्या तांबड्या पाण्यात एकटा निंब उभा राहिला. वस्तीतलं पाणी आधी थांबलं आणि दुपारनंतर उतरू लागलं. एका घराची भिंत गेली. बाकीची घरं आजही तिथं आहेत.

याचा सत्कार करावा म्हणून आम्ही सरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "सत्कार करायचा तर सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते पाहून करा." त्यावर आमचं काही चाललं नाही. एक-दोन वावरवाले पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. सरांनी तेही सोसलं. रस्त्यात भेटले की सर आपण होऊन विचारपूस करायचे. गाळ बसलेलं ते वावर पुन्हा धड पिकायला लागायला काही वर्षं गेली. त्याबद्दल त्या घरातून मी कधी एक अक्षर ऐकलं नाही.

त्याच हिवाळ्यात संमेलन झालं. सरांनी नकाशा आखला, गोष्ट पाण्यापर्यंत आली. मी माईक घेऊन गुलाबभाऊंकडे निघालो. त्यांनी हात वर केला नव्हता. सर स्वतःच म्हणाले, "गुलाबराव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही."

गुलाबभाऊंनी माईक न घेताच सांगितलं, "तिथलं सापडन तवा सापडन, सर. इथलं आमी पाह्यलं."

फक्कीचा डबा सरांच्या हातात तसाच राहिला होता.

हा लेख अंकात देण्याआधी मी काकूंना वाचून दाखवला. वावर त्यांचं, म्हणून. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेंगदाण्याचं कायले लिहिलं?" आणि मग, "राहू दे, आधी इचारलं ना."

वानखेडे सरांना आणि काकूंना निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. त्यांच्या वावरात सोयाबीन पिको, निंबाची सावली वाढत राहो. सरांनी पुढची पुष्कळ वर्षं शाळेच्या मैदानावर तो नकाशा आखावा, त्या दूरच्या शेतकऱ्याला शोधत राहावं, आणि गुलाबभाऊंनी मागून हात वर करावा. माईक मी नेऊन देईन. यंत्र बंद पडलंच, तर सगळे जवळ येऊन बसू.