पालटलेली अंडी

झाईच्या किनाऱ्यावर माझ्या थोरल्या नणंदेचं मासळी सुकवायचं खळं आहे. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी दर रविवारी मी आशागडहून बस धरून तिथे मदतीला जाते आणि दर रविवारी ताई माझ्या कामात खोट काढतात. एक बाजू सुकली की मांदेली पालटायची, दुसरी बाजू उन्हाला द्यायची, हे त्यांनी माझ्या हाताला असं शिकवलंय की हात आता मला विचारतही नाही.

त्या फेब्रुवारीत, अमावास्येच्या सकाळी, आम्हाला वाळूत कासवीण येऊन गेल्याच्या खुणा दिसल्या. ताईंनी हळूच वाळू बाजूला केली. अंडी भरतीच्या रेषेच्याही खाली होती, दुपारच्या उधाणात हमखास वाहून गेली असती. ताईंनी वनरक्षकाला फोन लावला. तो कैनाडकडे वणवा विझवण्यात अडकला होता. "पाणी चढायच्या आत वर हलवा, बाकीचं सांगतो," एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

ताई वर सुरूच्या झाडांजवळ खड्डा खणायला लागल्या. मी खाली अंडी काढून टोपलीत ओल्या वाळूवर रचत होते. एक डोळा पाण्याकडे होता. ऊन चढलं होतं. टोपलीतल्या वरच्या थराची अंडी तापताना दिसली आणि माझ्या हाताने तो अख्खा थर मांदेलीसारखा पालटून टाकला.

तेवढ्यात ताई फोन हातात घेऊनच धावत आल्या. "लागला फोन! अंडं जसं होतं तसंच ठेवायचं म्हणतो. वरची बाजू वरच. फिरवलं तर आतला जीव मरतो. तू फिरवली नाहीस ना गं?"

"नाही," मी म्हणाले.

परत उलटवावीत, तर ताई समोर उभ्या. टोपली वर खड्ड्यापाशी नेल्यावर त्यांनी माझ्या हातून एकेक अंडं घेतलं आणि तान्ह्या पोरासारखं जपून खड्ड्यात ठेवलं. मी मुकाट्याने देत राहिले. त्यांच्या जिभेला मी वीस वर्षं भीत आलेय, तेवढ्यासाठी खोटं बोलले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वनरक्षकाने पन्नासेक दिवस सांगितले होते. घरी भाकरी उलटतानाही माझा हात थबकायचा. ताईंनी घरट्याभोवती जुनं जाळं बांधलं, कुत्री हाकलली, पहाटे उठून आधी तिथे जायच्या. रोज त्यांचा फोन, "अजून काही नाही गं."

पंचावन्न दिवस झाले तरी वाळू हलली नाही. त्या रविवारी ताई घरट्याजवळ बसून रडत होत्या. "माझाच खड्डा चुकला. लेकरं आत गुदमरली." इतक्या करारी बाईला असं रडताना पाहून माझ्याच्याने राहवेना.

"ताई, मी फिरवली होती," मी सांगून टाकलं. "वरचा थर. सवयीने."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "टोपलीतून वरचा थर आधी काढला. म्हणजे तो तळाला गेला." आणि उठून खळ्याकडे निघून गेल्या. मी त्या दिवशी आशागडला परतले नाही. रात्री मी केलेल्या जेवणात त्यांनी खोटही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वाळू खचली आणि पिल्लं वर आली. एकावर एक चढत, धडपडत पाण्याकडे निघाली. ताई हात जोडून उभ्या होत्या. मी मात्र किती आली आणि किती राहिली, याच घोरात होते.

दुपारी वनरक्षकाने घरटं उकरून पाहिलं. तळाशी अंडी तशीच होती, न फुटलेली. त्याने एक हातात घेतलं आणि विचारलं, "हलवताना उलटसुलट झाली होती का काही?"

मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, "झाली. आम्हा दोघींच्या हातून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.