आकड्यात वारा नसतो

मोहिद्दीन मुकादमने थंडीला कधी नावं ठेवली नाहीत. शिव्या द्यायचा तो वाऱ्याला. त्याही हळू आवाजात, कारण मी बाईमाणूस समोर असायचे.

दुबईतल्या रास अल खोरच्या आमच्या गोदामात गोठवलेले मासे आणि कोंबड्यांची खोकी असत. जुलैत बाहेर पंचेचाळीस अंश, आत उणे बावीस. मी तिथे अ‍ॅडमिन ऑफिसर होते. नाव शोभना, गाव पुणे. दोन हजार नऊ साली माझा नवरा सुरेश घरी बसला. तो साइट इंजिनीअर, आणि त्याचा टॉवर बाराव्या मजल्यावरच थांबला होता. घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया येऊ लागेल. येऊ देऊ नका.

मोहिद्दीन रत्नागिरीकडचा, जयगडच्या बाजूचा. पन्नाशीला आलेला. दुबईला येण्यापूर्वी बारा वर्षं मासेमारीच्या लाँचवर सुकाणू धरलेलं. राहायला मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात, ज्याला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईकडे सोनापूर म्हणजे स्मशान. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. तो म्हणाला, "हसा बाई. आमी रोज संध्याकाळी जातो नि सकाळी परत येतो."

माझ्याशी मराठी बोलणारा गोदामात तो एकटाच. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मंदी आली तशी मंदीची भाषाही आली. "शोभना, आदमी कम करो, टाइम बढ़ाओ. सिंपल," जनरल मॅनेजर म्हणाले. फ्रीझरमधले चौदा जण होते, सहा उरले. पूर्वी वीस मिनिटं आत आणि दहा मिनिटं बाहेर असा नियम होता. तो चाळीस आणि पाचवर आला. सर्क्युलर मीच टाइप केलं, खाली 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असंही घातलं. फाटलेल्या जाड जॅकेटांच्या जागी नवी आली नाहीत. एक जॅकेट एकशे ऐंशी दिरहॅम, म्हणजे तेवीसशे रुपये, असा हिशोब साहेबांनी मला तोंडी करून दाखवला. मग तीन जॅकेटं आणि हातमोज्यांचे तीन जोड सहा जणांत फिरू लागले. आधीच्याच्या घामाने ओले झालेले मोजे दुसरा हातात चढवायचा आणि आत जायचा.

त्यातच आत थंड हवा सोडणाऱ्या तीन ब्लोअरपैकी एक बंद पडला. दुरुस्ती नको म्हणून उरलेले दोन फुल स्पीडवर ठेवले. दारावरच्या मीटरवर उणे बावीसच. साहेब खूश.

मोहिद्दीन माझ्या केबिनशी येऊन उभा राहिला. "बाई, आकडा बरोबर हाय. पण आकड्यात वारा नसतो. मागच्या रांगेत उभं राहून बघा एकदा."

मी गेले. जॅकेट घालून, दुपट्टा कानांवर घट्ट बांधून. दाराजवळ फारसं काही वाटलं नाही. मागच्या रांगेत ब्लोअरखाली उभी राहिले आणि कोणीतरी तोंडावर सपकन ओली छडी मारावी तसं झालं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पापण्यांवरच थिजलं. चष्म्याची दांडी कानशिलाला चिकटली. मला ओरडायचं होतं, पण जबडा हलेना. दोन मिनिटांत मोहिद्दीननेच दंडाला धरून मला बाहेर काढलं.

"कळलं?" त्याने विचारलं.

"कळलं," मी म्हटलं.

आणि कळूनही मी साहेबांना एक ओळ लिहिली नाही. त्या आठवड्यात अकाउंट्समधल्या दोघांना नारळ मिळाला होता.

फेब्रुवारीत एका दुपारी कोंबड्यांचा मोठा कंटेनर आला. मोहिद्दीनचा नेपाळी जोडीदार किसन आदल्याच महिन्यात घरी पाठवला होता. मागच्या रांगेत खोकी रचायला हा एकटा. चाळीस मिनिटं झाली, तासही झाला. ट्रकवाला हॉर्न मारत होता, सुपरवायझर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. दीड तासाने मोहिद्दीन बाहेर आला. त्याच्या डाव्या हाताची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

"दुखत नाय बाई," तो हसून म्हणाला. "आधी लय दुखत होतं. आता बरं हाय."

मी त्याच्या हातात चहाचा कप दिला. तो सुटला, गरम चहा त्या बोटांवरून ओघळला, आणि तो नुसता बघत राहिला. ओरडला नाही. हात मागे घेतला नाही. तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं.

तीन बोटं काढावी लागली.

आता सगळं एका कागदावर आलं. कामावर इजा झाली असं त्यात लिहिलं असतं, तर उपचार आणि भरपाई कंपनीला चुकली नसती. स्वतःचं आजारपण लिहिलं असतं, तर व्हिसा कॅन्सल, विमानाचं तिकीट, खलास. कंपनीच्या नेहमीच्या डॉक्टरने लिहिलं: मधुमेह, त्यामुळे बोटं सडली. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वो तुम्हारी लैंग्वेज का है. तुम समझाओगी तो साइन करेगा."

मोहिद्दीन केबिनमध्ये आला, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. कागद अर्धा इंग्रजीत, अर्धा अरबीत. इंग्रजी त्याला येत नव्हतं.

"बाई, तुमी वाचून सांगा. तुमी आपल्या आहात."

मी वाचलं. शुद्ध, स्वच्छ मराठीत वाचलं. फ्रीझरमध्ये काम करताना, थंडीमुळे, वाऱ्यामुळे, डाव्या हाताची तीन बोटं. कागदावर यातली फक्त बोटं होती.

"वाऱ्याचं पण लिवलंय?"

"लिहिलंय."

तो समाधानाने पुढे झुकला. कुराण वाचता येत असल्यामुळे त्याला अरबी अक्षरं ओळखू यायची, अर्थ कळत नसे. एका शब्दावर त्याने उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि लहान मुलासारखं जुळवत वाचलं, "अस्... सुक... सुक्करी. सुक्करी म्हंजे काय बाई?"

सुक्करी म्हणजे मधुमेह. इतक्या वर्षांत फॉर्म भरून भरून एवढं अरबी मला येत होतं. सुक्कर म्हणजे साखर, त्यावरूनच आलेला शब्द तो. आणखी दोन क्षण गेले असते तर त्याचा त्यालाच अर्थ लागला असता.

"डॉक्टरांचं आडनाव," मी म्हटलं. "डॉक्टर सुक्करी."

इतकं चटकन सुचलं की माझी मलाच किळस आली. पण शब्द मागे घेतला नाही. त्याने उर्दूत सावकाश सही केली. "भला माणूस दिसतो. सगळं खरं लिवलं त्यानं," म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याला विमानात बसवलं. भरपाईचे पैसे बँकेत येतील, इन्शाल्ला, असं साहेबांनी त्याचा खांदा थोपटून सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

चार महिन्यांनी एका शुक्रवारी, मी सुट्टीवर घरी असताना, त्याचा फोन आला.

"बाई, पैसे आले नाय म्हणून कागद इथल्या डॉक्टरला दाखवला. तो म्हणतो, यात साखर लिवलीय. त्यानं माझं रक्त तपासलं दोनदा. मला साखर नायच."

आता शिव्या देईल, देऊ दे, असं मनाशी म्हणत होते. खरं तर वाट बघत होते.

"तुमी वाचलंत तवा बरोबर होतं हो. म्हंजे नंतर टाइप करताना चुकलं असणार. तुमी त्या सुक्करीसायबांना तेवढं सांगा. ते दुरुस्त करून देतील."

अजूनही सांगता आलं असतं. समोर माझ्या मुलाच्या, निखिलच्या शाळेच्या फीचा कागद होता, आणि पलीकडच्या खोलीत सुरेश भर दुपारी टीव्ही बघत होता.

"ते आता इथे नाहीत," मी म्हटलं. "दुबई सोडून गेले."



"त्यांची पण नोकरी गेली काय मंदीत?" मोहिद्दीन म्हणाला. "बिचारे. त्यांना पण पोरंबाळं असतील."