वेबसाइटवरची समाधानी बाई

पायाला भिंगरी लावूनच ती जन्माला आली, असं तिची आई म्हणायची, आणि माहेरी सगळे तिला भिंगरीच म्हणत. चहा ती उभ्यानेच प्यायची. लिफ्टची वाट बघण्यापेक्षा जिना चढून मोकळी व्हायची. अशा बाईने अकरा वर्षं एकाच क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काढली, हेच नवल. तिथे पेशंटला मशीन लावायचं, घंटी वाजली की काढायचं आणि पुढच्याला लावायचं. माणसाचं नाव नीट कळेपर्यंत त्याची वेळ संपलेली असायची. एक दिवस तिचा धीर सुटला. आता मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणार, असं डॉक्टरांना सांगून ती बाहेर पडली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, महिनाभर तुझी जागा भरत नाही. नोकरी सोडल्याचं तिला काही वाटलं नाही, ते हसणं मात्र डोक्यात गेलं.

महिना सरत आला तरी एक पेशंट मिळेना. भावाने सुचवलं की साधी एका पानाची वेबसाइट कर. नाव, काम, फोन नंबर, बास. त्याच्या ओळखीतला माणूस ती तीन आठवड्यांत करून देणार होता. तीन आठवडे! हिला तीन तास दम धरवेना. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने फुकटात पान बनवून देणारी एक साइट शोधून काढली. तुमचं काम काय, एवढं विचारून त्या साइटने बाकी सगळं स्वतःच भरून दिलं. वर हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, मधे निळं बटण आणि खाली ‘आमचे समाधानी ग्राहक’. तिथे एक बाई सांगत होती की अंथरुणाला खिळलेले माझे वडील आज स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जातात.

नवऱ्याने मागून वाकून ते वाचलं आणि ही बाई कोण म्हणून विचारलं.

“कोणी नाही. सगळ्यांच्याच वेबसाइटवर असतं असलं काहीतरी. वाचतं कोण? नंतर काढते.”

नवरा शांत माणूस. आत्ताच काढ की, एवढं म्हणून तो कांदा चिरायला लागला. पण हिची बोटं शिवशिवत होती. कांदा चिरून व्हायच्या आत पान सुरू झालं आणि त्याची लिंक झाडून सगळ्या ओळखीच्यांना गेली. मग नुसती उलघाल. फोन उशाशी, फोन ओट्यावर, आणि ती आंघोळीला गेली की फोन घेऊन नवरा बाथरूमच्या दाराशी उभा. हौसेने बाई नोकरीतून मोकळी झाली होती, उभं राहायची पाळी त्याच्यावर आली.

तिसऱ्या दिवशी खरोखरच फोन आला. कुणाचा तरी मुलगा बोलत होता. वडिलांची डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली, आता थोडी हालचाल होती. बोलता बोलता ती ओट्यापासून बाल्कनीपर्यंत येरझारा घालत होती. वेळ जमली, दिवस जमले. आता डॉक्टरांचं तोंड पुन्हा बघायला नको, असं वाटून तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “पानावरच्या त्या बाईंचा नंबर मिळेल का? बाबांनी तुमचं पान स्वतः वाचलंय. त्यांना एकदा त्या बाईंच्या वडिलांशी बोलायचंय.”

विचारून कळवते, असं तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानंतर तिने काय करावं? मावशीला फोन लावला आणि ती बाई म्हणून बोलशील का, असं विचारलं. मावशी एका पायावर तयार झाली. वडिलांना नेमकं काय झालं होतं ते सांगून ठेव, म्हणाली, आणि मधे थोडी रडू का, असंही विचारून घेतलं. वडील कोण होणार हा प्रश्न आलाच, तेव्हा मावशीच्या यजमानांनी मागून खोकून दाखवलं. त्या खोकल्याने तिला भयंकर लाज वाटली. नको मावशी, असं म्हणून तिने फोन ठेवला, चप्पल पायात सरकवली आणि थेट त्या मुलाचं घर गाठलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मुलाचे वडील खिडकीजवळच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. केस पाणी लावून विंचरलेले. ती काही बोलायच्या आत त्यांनीच अडखळत विचारलं, “फाटकापर्यंत जाताना त्यांच्या हातात काठी होती का?”

“काका, असं कोणी नाहीये. ते त्या वेबसाइटने आपलं आपण लिहिलं. मी बघितलं होतं, तरी राहू दिलं.”

मुलाचा चेहरा उतरला. आम्ही कळवतो तुम्हाला, असं तो म्हणाला, आणि त्याचा अर्थ तिला लगेच कळला. काकांनी उजवा हात वर करून त्याला थांबवलं.

“मला एवढंच विचारायचं होतं त्यांना, की मधेच पडायची भीती वाटली का.”

तिच्याकडे सांगण्यासारखी खरी माणसं होती. वर्षभर खटपट करून शर्टाचं बटण लावायला शिकलेले एक मास्तर होते. कूस बदलता यायला लागली म्हणून ढसाढसा रडलेली एक बाई होती. पानावर टाकायला ती तिला फार किरकोळ वाटली होती. आता सांगितलं असतं तरी कोणी विश्वास का ठेवावा?

“ते आधी काढून टाका,” काका म्हणाले. “अजून कोणीतरी वाचत असेल.”

तिने तिथल्या तिथे ते काढलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मुलगा पाणी आणायला आत गेला होता. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “खरंच कोणीच नव्हतं का हो?”