बोट घाल, मंग बोल

सदाराम मिस्त्री गाडीच्या मालकाला आधी जमिनीवर झोपवायचा. गाडी सरपंचाची असो की डॉक्टरची, त्याला फरक नव्हता. चाकं विटांवर चढवायची, खाली पोतं टाकायचं आणि पाइप गार झाला की म्हणायचं, "चाला, बोट घाला." सायलेन्सर गंजून जिथे भोक पडलं असेल, तिथे मालकानं स्वतः बोट घालून पाहायचं. तोवर तो वेल्डिंगची मशीन सुरू करत नसे. कुणी कुरकुरलं की त्याचं ठरलेलं वाक्य, "बोट घाल, मंग बोल."

सिहोऱ्याच्या रस्त्याला त्याचं टिनाचं शेड होतं. मागच्या कुंपणाला काढलेले सडके पाइप टांगलेले असत. प्रत्येकावर पांढऱ्या पेंटानं मालकाचं नाव. भंगारवाला मागून थकायचा. मिस्त्री म्हणायचा, "उद्या कोनी म्हनन, सदारामनं माह्या चांगला पाइप काढला. त्याले दाखवाले नको काय?"

माझी त्याची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. मी धानवाला माणूस, चौथी शिकलेला. कौतिकाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे गेले तेव्हा तिच्यासाठी जुनी चारचाकी घेतली. एका सकाळी पाहतो तर सायलेन्सरच्या पोटाखाली बारीक भोक आणि त्यातून थेंब थेंब पाणी. धानाच्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, खेकड्यानं भोक पाडलं तर आपण काय करतो? विचारत बसत नाही, बुजवतो. मी एक स्क्रू घेतला आणि त्या भोकात पिळून बसवला. कौतिका म्हणाली, "अजी, मिस्त्रीले तं दाखवा." मी म्हटलं, "भोकच तं आहे."

वर्षभरात गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. तेव्हा मिस्त्रीकडे नेली. तो खाली गेला, स्क्रू काढला, तर गंजाचं लालभडक पाणी त्याच्या बाहीवर सांडलं. तो खाली पडल्या पडल्या इतका हसला की त्याला ठसका लागला.

"भाऊ, तुमी तं गाडीचं मुतनंच बंद केलं."

मग मला पोत्यावर घेऊन त्यानं समजावलं. "सायलेन्सर बाहेरून कमी सडते, अंदरून जास्त. तुमचं जानं कुठवर? घर ते राइस मिल. तेवढ्यात पाइप तापत नाही. धुरातलं पानी अंदरच बसते. ते जाव म्हनून कंपनीनं भोक ठेवलं, अन् तुमी त्याले धुरा बांधून टाकला."

कौतिका गाडीतच बसलेली होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, ह्यायच्या डोक्याले बी देवानं असं एखादं भोक ठेवलं असतं तं बरं झालं असतं. सारं अंदरच साचते."

"वयनी, तो पार्ट आपल्याकडं भेटत नाही."

तेव्हापासून ती त्याच्यासाठी दरवर्षी नव्या धानाचे पोहे घेऊन जायची. तो काळ्या हातानं खायचा. ती म्हणायची, "हात तं धुवा." तो म्हणायचा, "ग्रीसनं पोट नरम राह्यते." दोघांचं असं चालायचं आणि मी बाजूला विटेवर बसून असायचो. तेव्हा मला बसता येत होतं.

मागच्या हिवाळ्यात धान मळायचं होतं. सहज शेडवर थांबलो, तर बोलावल्याशिवाय तो गाडीखाली शिरला. पाना घेऊन पाइपवर ठिकठिकाणी मारत गेला. चांगला पाइप टण् वाजतो, हे एव्हाना मलाही कळत होतं. माझा थप् थप् वाजला.

"गेला भाऊ. भोक नाही पडलं, पन पडन. पाइपाच्या जोडाच्या मागं पडलं तं गाडी नुसती बोंबलन. पुढं, इंजिनकडं, पडलं तं धूर गाडीत येईन. गाडी ठेवून जा."

"धान मळून होऊ दे. आठ दिवसांत आनतो."

"बोट घालाले भोक नाही न, म्हनून तुमाले पटत नाही."

मी हसलो आणि गाडी घेऊन निघालो. आठ दिवसांचा महिना झाला. धान मळून झालं, मिलला गेलं, तरी मी गेलो नाही. कारण काही नव्हतं. गेलो नाही, एवढंच.

एक दिवस सकाळी कौतिकानं छातीवर हात ठेवला. म्हणाली, आवळल्यासारखं होतं. मी तिला गाडीत घातलं आणि तुमसरच्या दवाखान्यात निघालो. धुकं होतं, थंडी होती, काचा लावून घेतल्या. सिहोरा मागे पडला आणि खालून धाड् आवाज होऊन गाडी बोंबलायला लागली. थांबायची ती वेळ नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अजी, धूर येऊन राह्यला काय?"

"बाहेरचा आहे. कोनी बांधीत धानाचं तनस जाळत असन."

असं म्हणून मी तिच्या बाजूची काच हातानं आणखी दाबली.

दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आणायलाच उशीर झाला. धुराचं मी त्यांना विचारलं नाही. तिथे रडूही आलं नाही.

तेरवी झाल्यावर गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. आवाज त्यानं लांबूनच ऐकला असणार, बाहेर येऊन उभा होता. गाडी चढवली, खाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी विटेवर बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो. असं किती वेळा केलं माहीत नाही. तेवढ्यात त्यानं जुना पाइप काढून शेडच्या आत नेला आणि नवा चढवला.

"भोक कुठं होतं, मिस्त्री?"

"नवा बसवला भाऊ. आवाज ऐका."

"जोडाच्या पुढं का मागं?"

"आवाज ऐका न भाऊ." तो पुसलेलाच हात पुन्हा पुसत होता.

घरी आल्यावर ध्यानात आलं. त्यानं पोतं टाकलं नव्हतं. सरपंचाला झोपवणारा माणूस, त्यानं मला बोट घाल म्हटलं नाही.

मग माझं बसणं संपलं. जेवताना उठायचो. बांधीवर जायचो, अर्ध्यातून परत यायचो. भोक मागे असतं तर त्यानं दाखवलं नसतं काय? म्हणजे पुढेच होतं. मग वाटायचं, नाही, माझं तोंड पाहून त्याच्यानं बोलवलं नसेल. गाडी काढायचो, त्याच्या शेडपर्यंत जायचो आणि समोरून वळवून परत यायचो. तो हात वर करायचा. मी पण करायचो. उन्हाळा असा गेला. उतरून विचारायला दोन मिनिटं लागली असती.

पावसाळ्यात मिस्त्री तापानं पडला आणि चौथ्या दिवशी गेला. मातीला मी गेलो. खांदा दिला. तिथेही मनात तेच होतं की आता सांगणारा कोणी उरला नाही. स्वतःची लाज वाटली, पण मनात तेच होतं.

पंधरा दिवसांनी गेलो, तर मिस्त्रीण कुंपणावरचे पाइप उतरवत होती. भंगारवाला येणार होता. मी नावं वाचत गेलो. माझा सगळ्यात शेवटी होता. उतरवून मांडीवर घेतला आणि जोडाच्या पुढे हात नेला. तिथे पत्र्याचा तुकडा वेल्डिंग केलेला. जोडाच्या मागेही तसाच तुकडा. सायलेन्सरच्या पोटाला आणखी दोन. चारही घासून गुळगुळीत केलेले. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठेच गेलं नाही. खरं भोक कोणतं आणि उगाच चिकटवलेला पत्रा कोणता, ते आता त्याच्याशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं.

मिस्त्रीण पाहत होती. म्हणाली, "तुमी गाडी घेऊन गेले न, त्याच दिवशी हा पाइप घेऊन बसले होते. मी म्हटलं, भंगारावर वेल्डिंगचे रॉड कायले जाळता? तं म्हने, भाऊ एक दिवस येईन अन् बोट घालन."

मला राग आला. जन्मभर दुसऱ्यांना भोकं दाखवत आला आणि माझंच बुजवून गेला. पाइप खाली आपटायला म्हणून उचलला, तर तो तिरपा झाला आणि पोटाखालच्या बारीक भोकातून पावसाचं साचलेलं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. लाल. तेवढं एक भोक त्यानं उघडं ठेवलं होतं.

कौतिकाचा हसणारा आवाज ऐकू आला. सारं अंदरच साचते.

मिस्त्रीणीनं पोतं आणून टाकलं, तेच, मिस्त्रीचं. मी त्यावर बसलो. तुमसरच्या दवाखान्यात जे आलं नव्हतं ते तिथे आलं, आणि मी ते येऊ दिलं. भंगारवाला आला, त्यानं बाकीचे पाइप भरले, माझ्या मांडीवरचा मागितला नाही.

पाणी गळायचं थांबलं, तरी मी बसून होतो.