चार डोक्यांचं मशीन

सडक अर्जुनीत कॉम्प्युटर क्लास चालवणारा भुवनेश्वर टेंभरे एकवेळ स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरला असता, पण आपल्या प्रोग्रामचा नाही. १९९९ साली समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी त्यानं तो लिहिला होता. कोणी कोणाला किती वाजता, कुठल्या टेबलावर भेटायचं, याची चिठ्ठी तो प्रोग्राम काढी.

आता समाजाची रीत अशी, की नाव आधी नोंदवायचं नाही. बायोडाटाची घडी खिशात घालून मेळाव्याच्या सकाळीच उगवायचं. ऐंशी नावं होती तोवर पाहुण्यांचा चहा संपेतो चिठ्ठ्या निघत. २००८ साली नावं नऊशे झाली, आणि चिठ्ठ्या निघेपर्यंत अर्धा मांडव सौंदडच्या गाडीला गेला होता.

समितीनं नवं मशीन आणलं. एकाच डब्यात चार डोकी, म्हणजे चार प्रोसेसर! पुढच्या मेळाव्यात जमलं नाही तर प्रोग्राम बंद, हेही ठरलं. पण चालवून पाहिलं तर नवं मशीनही जवळपास जुन्याएवढाच वेळ घेई.

"काऊन गा भुवनेश्वर," अध्यक्ष बिसरामकाका म्हणाले, "चार डोस्क्याचं म्हनत होतास ना? हे त रेंगून राहिलं!"

"काका, प्रोग्राम जुना आहे. एक बाई बांधीत धानाची रोवणी करते, तिघी धुऱ्यावर बसून पाहतात."

"मंग त्यायले उतरव ना बांधीत!"

भुवनेश्वरनं दोन महिने डोळे फोडून काम चौघींत वाटलं. जुन्या ऐंशी नावांवर चालवून पाहिलं, झकास चाललं. त्यानं क्लासमध्ये पेढे वाटले.

मेळाव्यात चिठ्ठ्या दहा मिनिटांत निघाल्या. अकरा वाजता चिचगडच्या अनुसयाबाई लेकीला, ओमेश्वरीला, घेऊन टेबलापाशी पोचल्या, तर मुलासमोर दुसरीच मुलगी बसलेली. तिच्याही चिठ्ठीवर तेच टेबल, तीच वेळ. मुलाच्या आईनं ओमेश्वरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुमी जरा बाजूले थांबा."

मशीनच्या दोन डोक्यांनी एकाच क्षणी त्या मुलाचे अकरा पाहिले होते. दोघांनाही ते रिकामे दिसले, दोघांनीही नाव लिहून टाकलं. ऐंशी नावांत असा योग आला नव्हता. नऊशेंत चाळीसदा आला.

"बाबू," अनुसयाबाई त्याला म्हणाल्या, "मोठ्या मुश्किलीनं आनलं होतं इले. आता नाई येत ते." ओमेश्वरी तोवर मांडवाबाहेर पडलीही होती.

भुवनेश्वरनं इलाज शोधला. एक डोकं लिहीत असताना बाकी तिघांनी हात बांधून थांबायचं. चूक गेली, पण डोकी थांबण्यातच दमली. जुन्या मशीनपेक्षाही उशीर होऊ लागला. ते त्यानं समितीला स्वतःच सांगितलं. प्रोग्राम बंद झाला.

पुढच्या वर्षी शाळेतले चार गुरुजी चार रजिस्टरं घेऊन एका टेबलाभोवती बसले. एकजण ओरडे, "पटल्याच्या पोराचे अकरा घेतले गा!" बाकीचे खाडकन काट मारत. दोघांनी एकदमच एका मुलावर बोट ठेवलं तर एक म्हणे, "जा, तू घे." साडेदहापर्यंत सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या.

भुवनेश्वरकडे टेबलांचे नंबर पुठ्ठ्यावर लिहायचं काम होतं. चिचगडहून कोणी आलं का, हे त्यानं गुरुजींना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्यांनी त्याला चहा सांगायला पाठवलं.